रिपोर्ट ‘पिण्यास योग्य’ आणि बी विंगमध्ये अकरा जणांना जुलाब

टाकीवरचा_सेक्रेटरी · १९ जुलै, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी.

सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला ८४ फ्लॅटची, चौदा वर्षं जुनी सोसायटी. यंदा मी सेक्रेटरी आहे. वार्षिक सभेला वीस मिनिटं उशिरा पोचलो, तोवर माझी एकमताने निवड झाली होती.

पाणी महापालिकेचं, वडगाव जलकेंद्रावरून येणारं. दोन विंग, प्रत्येकीला जमिनीखाली चाळीस हजार लिटरची टाकी, गच्चीवर वेगळी. बोअरचं पाणी फ्लशला आणि झाडांना, त्याची लाइन वेगळी. मे महिन्यात टँकर घेतो.

मार्चमध्ये एका खासगी लॅबकडून पाणी तपासून घेतलं. पीएच ७.४, टीडीएस (विरघळलेले क्षार) ११८, कोलिफॉर्म (घाणीची खूण सांगणारे जंतू) नाही, खाली शिक्का ‘पिण्यास योग्य’. आधीच्या कमिटीने तो कागद लॅमिनेट करून लिफ्टशेजारी लावला. आणि गेल्या आठवड्यात बी विंगमधल्या सहा घरांत मिळून अकरा जणांना जुलाब-उलट्या. एका चार वर्षांच्या मुलीला सलाइन लावावं लागलं. जानेवारी २०२५ मध्ये आमच्याच पट्ट्यात, नांदेड-किरकटवाडी-धायरीकडे, जीबीएसने (हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार) लोक कसे धास्तावले होते ते आठवत असेल. त्यामुळे ग्रुपवर सध्या काय चाललंय याची कल्पना करा. एकाने टीडीएस मीटरचा फोटो टाकलाय, १२१, खाली ‘परफेक्ट वॉटर’ आणि अंगठा. दुसरे म्हणतात बाहेरची पाणीपुरी खाल्ली असेल. सहा घरांनी एकाच दिवशी?

मला सोमवारी कमिटीपुढे बोलायचंय. पाणी सुरक्षित आहे की नाही हे ठरवायला नक्की काय तपासायचं, कुठून घ्यायचं, कितीदा? आणि पहिल्या रिपोर्टमध्ये चुकलं कुठे?

---

कोथरूड_डेपो · १९ जुलै, रात्री १०:५२

प्रत्येक घरात आरओ लावा. विषय संपला.

---

भोचक_भवानी · १९ जुलै, रात्री ११:०५

विषय संपायच्या आधी एक प्रश्न. मार्चची बाटली कुठल्या नळावरून भरली होती?

---

टाकीवरचा_सेक्रेटरी · १९ जुलै, रात्री ११:२०

सोसायटीच्या ऑफिसच्या. का हो?

---

भोचक_भवानी · १९ जुलै, रात्री ११:२३

आणि ऑफिसचा नळ कुठल्या टाकीवर आहे?

---

टाकीवरचा_सेक्रेटरी · २० जुलै, सकाळी ७:१५

आत्ता वॉचमनला घेऊन पाइप धरत धरत गेलो. टाकीवर नाहीच. मीटरनंतर थेट लाइनवर आहे, म्हणून तिथे पाणी फक्त सकाळी येतं. म्हणजे आम्ही महापालिकेचं पाणी तपासून महापालिकेला प्रमाणपत्र दिलं आणि ते आमच्या लिफ्टशेजारी लावलं.

---

भोचक_भवानी · २० जुलै, सकाळी ७:३१

:) आमच्याकडे चेअरमनसाहेबांच्या घरच्या आरओमधून बाटली भरली होती. तुमचं बरंच बरं म्हणायचं.

---

रसायनशाळा · २० जुलै, सकाळी ९:४८

तेहतीस वर्षं पाण्याच्या बाटल्या तपासण्यात गेली, त्यामुळे जरा लांबण लागेल. सांभाळून घ्या.

पहिलं काम तपासणीच्या आधीचं. बी विंगच्या टाकीचं पाणी आजपासून पिण्यासाठी बंद. ऑफिसचा नळ थेट लाइनवर आहे ना, मग प्यायचं पाणी तिथून भरा आणि तेही उकळून. खळाळून उकळी फुटली की मिनिटभर तशीच ठेवायची, मग गॅस बंद. वीस मिनिटं उकळत बसायची गरज नाही. रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतील, तोवर वाट बघू नका.

आता तो अंगठा. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतो. एवढंच. हजार लिटर चांगल्या पाण्यात एक लिटर सांडपाणी मिसळलं तर टीडीएस धड एकानेही वाढणार नाही. पण शंभर मिलीत हजारोंनी ई. कोलाय, म्हणजे मैल्यातले जंतू, सापडतील. खडकवासल्याचं पाणी मुळात मऊ, कमी क्षारांचं. त्यामुळे पुण्यात १२० आकडा दिसला तर अर्थ इतकाच, की हे धरणाचं पाणी आहे, बोअरचं किंवा टँकरचं नाही. हा उपयोग मात्र खरा आहे. उन्हाळ्यात टँकरवाला ‘धरणाचं’ म्हणून पाणी ओतत असेल आणि मीटर ७०० दाखवत असेल, तर जाब विचारता येतो.

पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक आयएस १०५०० : २०१२. त्यात टीडीएस ५०० पर्यंत ठीक, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. नायट्रेटला अशी सवलत नाही, ४५ म्हणजे ४५. आणि ई. कोलाय शंभर मिलीत सापडताच कामा नये. ‘थोडे आहेत, चालतील’ असा रकानाच नाही. क्षारांच्या बाबतीत ढील आणि जंतूंच्या बाबतीत नाही, यातच काय ते आलं. क्षार वर्षानुवर्षं त्रास देतात, जंतू उद्या सकाळी.

रोज बघायची गोष्ट वेगळीच आहे: मोकळा क्लोरीन. नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर शिल्लक हवा. तो वाटेत आलेली घाण मारायला ठेवलेला असतो. जलकेंद्रातून निघालेला क्लोरीन तुमच्या नळापर्यंत पोचला, तर वाटेत त्याला फारसं काही खायला मिळालं नाही. वाटेतच संपला, तर कोणीतरी खाल्ला. तो कोणी खाल्ला ते शोधायचं.

म्हणून बाटल्या भरायच्या आधी एकाच सकाळी पाच जागी क्लोरीन मोजा: मीटरपाशी, दोन्ही खालच्या टाक्यांत, आणि दोन्ही विंगमध्ये वरच्या टाकीपासून सगळ्यात लांबच्या नळावर. त्यानंतर बाटल्या. लॅबकडून निर्जंतुक बाटली मागा, आत सोडियम थायोसल्फेट घातलेली. ते का, तर बाटलीतल्या क्लोरीनने रस्त्यातच जंतू मारले तर लॅबला निर्मळ पाणी मिळतं आणि तुम्हाला खोटा आनंद. भरायच्या आधी बाटली विसळायची नाही, ते औषध धुऊन जातं. नळाची जाळी काढा, तोंड लायटरने शेकवा (धातूचं असेल तरच!), दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, झाकणाला आतून बोट लावू नका, वर थोडी मोकळी जागा सोडा. बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी लॅबला. बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत भरून दुसऱ्या दिवशी दुपारी स्कूटरच्या डिकीतून आलेले नमुने मी पुष्कळ पाहिलेत. त्यांच्या निकालाला काही अर्थ नसतो.

---

कोथरूड_डेपो · २० जुलै, सकाळी १०:१०

एवढं सगळं करण्यापेक्षा आरओ स्वस्त पडेल असं माझं अजूनही मत आहे.

---

रसायनशाळा · २० जुलै, सकाळी १०:३७

आरओ वाईट नाही. बोअरवर राहत असाल, नायट्रेट किंवा कडकपणा जास्त असेल तर तोच कामाला येतो, उकळून नायट्रेट उलट घट्ट होतं. पण ११८ टीडीएसच्या पाण्याला आरओ म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी मोरीत. आणि भाजी कशाने धुणार? दात कशाने घासणार? चार वर्षांचं पोर आंघोळ करताना किती पाणी पितं, एकदा बघा. शिवाय वर्षभर न बदललेला फिल्टर स्वतःच जंतूंचं घर होतो. जीबीएसच्या वेळी महापालिकेने जे पाण्याचे खासगी प्लांट बंद केले, त्यांच्या पाट्यांवर ‘आरओ’च लिहिलेलं होतं.

---

भोर_वेल्हे · २० जुलै, दुपारी १:२०

मी निवृत्त आरोग्यसेवक. शहरातल्या मंडळींनी आमच्याकडून शिकण्यासारखं थोडं आहे, म्हणून लिहितो.

आपल्या राज्यात ग्रामपंचायतीच्या पाण्याची नुसती बाटली तपासत नाहीत, पाण्याचा परिसरही तपासतात. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, स्वच्छता सर्वेक्षण होतं. फॉर्म घेऊन विहिरीभोवती फिरायचं. कठडा फुटलाय का, जवळ उकिरडा आहे का, गुरं कुठे धुतात, पाइपलाइन गटारातून जाते का, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पाणी साचतं का, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर शिल्लक आहे का, क्लोरीन बघायला माणूस नेमलाय का. त्यावर गावाला कार्ड मिळतं. जोखीम जास्त तर लाल, मध्यम तर पिवळं, कमी तर हिरवं. पाच वर्षं सलग हिरवं आणि साथ नाही, तर चंदेरी. लाल कार्ड आलं की सरपंच ग्रामसभेत तोंड लपवतो आणि आठ दिवसांत व्हॉल्व्हचा खड्डा बांधून होतो. बाटलीच्या रिपोर्टने मी असा खड्डा बांधलेला कधी बघितला नाही.

सेक्रेटरीसाहेब, तुम्हीही तसंच करा. कागद-पेन घेऊन मीटरपासून गच्चीपर्यंत चाला. टाकीच्या झाकणाखाली टॉर्च मारा. ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी आहे का, आत पारव्याची पिसं दिसतात का, ड्रेनेजचं चेंबर टाकीपासून किती पावलांवर आहे, ते लिहा.

क्लोरीन बघायला आम्ही क्लोरोस्कोप वापरायचो. नळीत पाणी, त्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे) थेंब, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. दहा सेकंदांच्या आत वाचायचा. नंतर रंग गडद होत जातो, तो मोकळ्या क्लोरीनचा नसतो. काही ग्रामपंचायती चहा पिऊन यायच्या आणि मग ‘०.५’ लिहायच्या. ओटी घातलेलं पाणी प्यायचं नाही, फेकून द्यायचं.

एच टू एसची बाटलीही मिळते, स्वस्त आहे. पाणी भरून उबदार जागी ठेवायची, २४ ते ४८ तासांत काळी पडली तर पाण्यात मैल्याची शक्यता. १९८२ मध्ये आपल्याच शास्त्रज्ञांनी ती काढली. लॅबची जागा घेत नाही, पण लोकांना आकडा कळत नाही, काळा रंग कळतो.

---

पेठेतला_पाहुणा · २० जुलै, दुपारी २:०५

भोरकाका, दंडवत. वाखूसा (वाचनखूण साठवली आहे).

अवांतर: आमच्या वाड्यात पूर्वी सकाळचं पहिलं पाणी ‘सोडून द्यायचं’ असा आजीचा नियम होता. शुक्रवारी दोन बादल्या सोडायच्या. कारण कोणीच सांगितलं नव्हतं.

---

रसायनशाळा · २० जुलै, दुपारी ४:३०

पेठेतला_पाहुणा, आजी बरोबर होत्या. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी पाणी बंद असतं आणि ‘शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने’ येतं, हे वाक्य आपल्याला पाठ आहे. लाइन भरलेली असते तेव्हा फुटक्या सांध्यातून पाणी बाहेर जातं. ती रिकामी झाली की उलट होतं, भोवतालच्या ओल्या मातीतलं पाणी आत ओढलं जातं. शेजारी गळकं गटार असेल तर तेही. वर कोणी थेट लाइनला मोटर लावली असेल तर ओढ आणखी वाढते. म्हणून क्लोरीन बघायला सगळ्यात चांगला वार शुक्रवार.

---

टाकीवरचा_सेक्रेटरी · २५ जुलै, सकाळी ११:५०

अपडेट. आज शुक्रवारच. सकाळी सात ते आठ, मी, वॉचमन आणि ए विंगमधल्या एक निवृत्त शिक्षिका. क्लोरोस्कोप मिळाला. आकडे:

मीटरपाशी ०.५. ए विंग खालची टाकी ०.३, पाचव्या मजल्यावरचा नळ ०.२. बी विंग खालची टाकी – ‘पिवळं आहे असं वाटतं’ इतपत. बी ७०४ – पाण्याचा रंग पाण्याचाच.

एच टू एसच्या बाटल्या मंगळवारीच लावल्या होत्या, माझ्या घरी फ्रिजवर, कारण तिथे ऊब असते. ए विंगची आजही तशीच आहे. बी विंगची बुधवारी सकाळी दूध तापवायला उठलो तेव्हा काळीभोर, दौतीसारखी. तिचा फोटो ग्रुपवर टाकला, तेव्हापासून पाणीपुरीचा विषय बंद आहे. लॅबचा रिपोर्टही आला: बी विंगच्या खालच्या टाकीत आणि ७०४ मध्ये ई. कोलाय आहेत, ए विंगमध्ये नाहीत.

भोरकाकांच्या फॉर्मचं सांगायचं तर बी विंगची टाकी आणि ड्रेनेजचं चेंबर यांच्यात हातभर अंतर आहे. मध्ये एक फरशी आणि त्यावर तुळस. चौदा वर्षं आम्ही तिथे दिवा लावतोय.

---

भोचक_भवानी · २५ जुलै, दुपारी १२:०४

बिल्डरने वास्तुशास्त्र बघून केलं असेल. हलकेच घ्या.

---

कॅम्पातली_डॉक्टरीण · २५ जुलै, रात्री ९:४०

उशिरा वाचला धागा. दोन गोष्टी सांगते, दोन्ही लोक विसरतात.

जीबीएस हा पाण्यातून येणारा जंतू नाही. पोटात संसर्ग होतो, तो बरा होतो, आणि मग एक-दोन आठवड्यांनी शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती नसांवर उलटते. पुण्याच्या साथीत रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला होता. तो अर्धकच्च्या चिकनमधूनही येतो. बहुतेकांना नुसते जुलाब होऊन थांबतं. तुमच्या अकरा जणांनी घाबरून जायचं कारण नाही. पण पुढचे दोन-तीन आठवडे पायांत मुंग्या, जिना चढताना पाय न उचलणं, असं काही वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टर, सोमवारची वाट नको.

दुसरी गोष्ट काविळीची. हेपटायटिस ई चा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे दिसेपर्यंत सरासरी पाच-सहा आठवडे जातात. म्हणजे जुलैच्या पाण्याची कावीळ ऑगस्टअखेरीस दिसणार. तेव्हा कोणीतरी बाटली भरून नेईल, रिपोर्ट स्वच्छ येईल आणि ‘पाण्याचा काही संबंध नाही’ असं ठरेल. बी विंगमध्ये कोणी गरोदर असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करायला सांगा, त्यांना हा आजार फार जड जातो.

ई. कोलाय नाहीत म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरलं. क्लोरीन वाढवला, टायफॉइडची साथ आली नाही, आणि काविळीचे मात्र सुमारे २९ हजार रुग्ण झाले. क्लोरीनला जंतू जुमानले, विषाणू पुरून उरला.

---

रसायनशाळा · २५ जुलै, रात्री १०:१५

+१. म्हणूनच क्लोरीन वाढवून बी विंगचं पाणी चालू करू नका. तो मोह आता होणार. गळती शोधल्याशिवाय टीसीएल ओतणं म्हणजे आमटीत केस निघाला म्हणून वरून कोथिंबीर घालणं.

---

टाकीवरचा_सेक्रेटरी · २८ जुलै, रात्री ८:३०

काल रविवारी बी विंगची टाकी रिकामी केली. प्यायला ऑफिसचा नळ, वापरायला बोअर आणि दोन टँकर.

टाकी पुसून कोरडी केली आणि तासभर नुसते बघत बसलो. तुळशीकडच्या भिंतीवर, तळापासून गुडघाभर उंचीवर, ओलीचा एक पट्टा. पण पाझरत काहीच नव्हतं. प्लंबर म्हणाला, ही जुनी ओल, टाकी भरलेली असताना बाहेर जाते. खरंही वाटलं.

मग शिक्षिकाबाईंनी रंगपंचमीचा उरलेला हिरवा रंग आणला. चेंबरचं बाहेर जाणारं तोंड गोणपाट कोंबून बंद केलं, म्हणजे चोकअप झाल्यावर होतं तसं, आणि रंग आत ओतला. बी विंगला सांगितलं की नेहमीसारखे संडास वापरा. चेंबर भरत गेलं. कडेपासून वीतभर खाली आलं तरी काही नाही. प्लंबरने तंबाखू मळायला घेतली. आणि पावणेबाराला ओलीच्या पट्ट्याच्या वरच्या कडेला एक हिरवा ठिपका आला. मग त्याची रेघ झाली, रेघ तळापर्यंत उतरली. टॉर्चच्या उजेडात कोणी काही बोललं नाही. ७०४ मधले आजोबा झाकणापाशी वाकून बघत होते, ते उठून सरळ घरी गेले.

म्हणजे चेंबर वाहतं असताना काहीच होत नाही. तुंबलं की पाणी त्या भेगेच्या वर चढतं आणि टाकीत येतं, तेही टाकीतलं पाणी उतरलेलं असेल तेव्हा. ७ आणि ८ जुलैला मोठा पाऊस होता आणि चेंबर चोकअप झालं होतं. मोरीवाल्याचं बिल माझ्याच सहीने निघालंय. मार्चमध्ये बी विंगच्या टाकीतून बाटली भरली असती तरी ती बहुतेक स्वच्छच निघाली असती.

---

गवंडीबुवा · २८ जुलै, रात्री ९:१२

सिव्हिलवाला आहे. आतून वॉटरप्रूफिंग करून देतो म्हणणारे उद्या तीन जण येतील. त्याने वर्ष-दोन वर्षं निघतील, मग भेग दुसरीकडून. चेंबर हलवा. ड्रेनेजची लाइन दुसऱ्या बाजूने फिरवा, जुनं चेंबर फोडून भरून टाका, मग टाकीची भेग बुजवा, आतून अस्तर करा. क्रम हाच. टाकीचं झाकण जमिनीच्या पातळीत आहे का? असेल तर वीतभर कठडा घ्या, नाहीतर पावसाचं पाणी चपला धुऊन आत जातं.

आणि टाकी धुवायला माणूस उतरवाल तेव्हा झाकणं आधी तासभर उघडी, वर दुसरा माणूस कायम, कमरेला दोर. आत ब्लीचिंगचा वास कोंडतो. पंप चालू ठेवून कोणाला पाण्यात उतरवू नका.

रंगपंचमीचा रंग मात्र मानला. आम्ही गळती शोधायचा खास रंग, फ्लुरोसीन, मागवत बसलो असतो.

---

भोर_वेल्हे · २८ जुलै, रात्री ९:४०

दुरुस्तीनंतर टाकी भरली की टीसीएलचा हिशोब: हजार लिटरला पाच ग्रॅम. तुमच्या चाळीस हजारांना दोनशे ग्रॅम, घरातल्या वजनकाट्यावर मोजा, ओंजळीने नको. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ तेवढं टाकीत ओता, अर्धा तास थांबा, मग क्लोरीन बघा. पावडर ताजी घ्या. नव्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, तोंड उघडं राहिलेल्या पोत्यात तो उडून जातो. नाकाला झोंबली नाही तर ती पावडर रांगोळीला.

---

ए_विंगचा_असंतुष्ट · २९ जुलै, सकाळी ८:००

मीही याच सोसायटीत राहतो. आमच्या टाकीत काही नाही. मग चेंबरचा खर्च ८४ घरांत का?

---

भोचक_भवानी · २९ जुलै, सकाळी ८:०३

कारण बी विंगवाले तुमच्या लिफ्टचा खर्च देतात. बसा.

---

टोरांटोची_टपरी · १० ऑगस्ट, पहाटे ४:१०

सेक्रेटरींनी मला क्लोरीनच्या वहीचे फोटो पाठवले होते, ‘बघा, रोज लिहितोय’ म्हणून. त्यावरून लिहितेय.

आमच्या ऑन्टारिओत वॉकर्टन नावाचं छोटं गाव आहे. मे २००० मध्ये तिथे जोराचा पाऊस झाला, शेणखत घातलेल्या शेताजवळच्या विहिरीत ई. कोलायचा एक घातक प्रकार शिरला. जेमतेम पाच हजारांच्या गावात सुमारे २३०० लोक आजारी पडले, सात गेले. चौकशीत निघालं की पाणी सोडणारे लोक क्लोरीन न मोजताच वहीत आकडे लिहीत होते. वही एकदम नीटनेटकी, वर्षानुवर्षं.

आता तुमची वही. २९ जुलैपासून ए विंग, रोज सकाळी ७:००, रोज ०.२. अक्षर सुंदर आहे. पण गुरुवारी ७ ऑगस्टला मीटरपाशी ०.५ लिहिलंय. गुरुवारी पाणी आलं होतं का?

---

टाकीवरचा_सेक्रेटरी · १० ऑगस्ट, सकाळी ९:२५

नव्हतं आलं.

वॉचमनला विचारलं. बिचारा म्हणाला, रकाना रिकामा दिसला तर साहेब रागावतील. त्याला क्लोरोस्कोप कसा धरायचा हे मी एकदाच, घाईत, दाखवलं होतं. चूक माझीच. रागावणार नाही म्हटल्यावर त्याने सांगितलं, की एक ऑगस्टपासून ओटी संपलंय.

---

टोरांटोची_टपरी · १० ऑगस्ट, सकाळी ९:४०

वहीऐवजी फोटो घ्या. नळी, मागे रंगाचा तक्ता, फोनवर वेळ आपोआप येते. पाणी नसेल त्या दिवशी कोरड्या नळाचा फोटो.

---

कोथरूड_डेपो · १० ऑगस्ट, सकाळी १०:१५

आमच्या सोसायटीचं चेंबर काल बघून आलो. टाकीपासून चार पावलं. पण झाकणाला भोक आहे आणि आत झुरळं. क्लोरोस्कोप कुठे मिळतो?

---

रसायनशाळा · १० ऑगस्ट, सकाळी १०:२२

व्यनि केलाय. आधी झाकण.

---

टाकीवरचा_सेक्रेटरी · ३० ऑगस्ट, रात्री ९:००

शेवटचं अपडेट, नंतर गणपतीच्या गडबडीत राहून जाईल.

विशेष सभा झाली, दोन तास चालली. खर्च ८४ घरांत विभागला, असंतुष्टांनी ‘निषेध नोंदवून’ चेक दिला. चेंबर पार्किंगच्या टोकाला नेलं, जुनं भरून टाकलं. भेगेत गवंड्याचं अख्खं बोट जात होतं. टाकीच्या झाकणाला कठडा झाला, ओव्हरफ्लोला जाळी बसली. तुळस हलवायची की नाही यावर सभेतला अर्धा तास गेला. हलवली.

टाकी भरून दोनशे ग्रॅम टीसीएल घातली. मग नमुने तीनदा घेतले: भरल्यावर दोन दिवसांनी, आठवड्याने, आणि तिसरा मुद्दाम थांबून, परवाच्या जोरदार पावसानंतर सकाळी. तिन्हींत ई. कोलाय नाहीत. पुढची अणुजैविक तपासणी पावसाळा संपल्यावर आणि मेअखेरीस, रासायनिक वर्षातून एकदा. टँकर आला की त्याचा क्लोरीन आणि टीडीएस पाइप लावायच्या आधी बघायचा. काल एकाला परत पाठवला, तो आमच्यावर जाम चिडलाय.

काविळीचा अजून एकही रुग्ण नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दर रविवारी बी विंगमध्ये घरोघरी विचारतोय. ती चार वर्षांची मुलगी दार उघडते आणि आत तोंड करून ओरडते, “पाणीवाले काका आले!”

लिफ्टशेजारचा लॅमिनेट केलेला कागद काढला. तिथे आता फोन लटकवायला खिळा आहे. आज सकाळी ७:१०, बी ७०४, ०.२. भवानीताई, नळाची जाळी काढून घेतलाय, फोटो झूम करून बघा.

---

भोचक_भवानी · ३० ऑगस्ट, रात्री ९:०६

बघितला. तक्ता उलटा धरलाय.